जावयाला पाणी विचारू नका

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार, आणि हेल्मेट काढून आणखी एक.

पोचल्याचं पत्र उशिरा लिहिते आहे, रागावू नका. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही हं आणि बरं यापलीकडे जात नाही. पत्रात तरी चार वाक्यं मिळतात.

सुरक्षा अधिकारी म्हणून मला कंट्रोल रूममध्ये एक टेबल दिलं आहे. खोलीला खिडकी आहे, पण ती उघडत नाही. नुसती जाड काच. दाराला फ्रिजच्या दारासारखं रबर आहे. दार लागलं की कानांना दडा बसतो. सुरुवातीला डब्यात भरून ठेवल्यासारखं वाटायचं. सवय होईल म्हणतात.

काचेतून समोर एक टाकी दिसते. तिच्यात क्लोरोसल्फॉनिक ॲसिड असतं. एवढं लांबलचक नाव इथे कुणी घेत नाही. सगळे त्याला जावई म्हणतात. सतत मान राखावा लागतो, आणि जरा ओलावा लागला की फणफणतो. सांडलेल्या ॲसिडवर पाणी पडलं तर ते उकळून उडतं, आणि पांढरा धूर निघतो तो छाती जाळतो. त्याच्यावर फक्त कोरडी वाळू टाकायची. धुरातून पळता येत नसेल तर दार लावून आत बसायचं.

नियम वाचून दाखवले की लोक झोपतात. म्हणून मी एकच वाक्य केलं: जावयाला पाणी विचारू नका. बाबा, सगळे हसले, पण सगळ्यांना पाठ झालं! फिटरदादा म्हणून एक आहेत, पाइप आणि झडपा दुरुस्त करतात, चेष्टेशिवाय घास उतरत नाही त्यांना. ते रोज सकाळी नमस्काराऐवजी मला हेच वाक्य ऐकवतात. मला वाटतं मी इथे काही तरी करू शकेन. खरंच वाटतं.

आईला सांगा, जेवते आहे.

तुमची माया आहेच, ती पत्रातूनही थोडी पाठवत जा.
तुमची,
टिटवी


१० फेब्रुवारी

चि. टिटवी हिस,
उदंड आशीर्वाद. ओंजळीत मावतील तेवढे घे, बाकीचे पुढच्या पत्रासाठी ठेव.

तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. जरा ओलावा लागला की फणफणतो, इथपर्यंत आलो तर तिनं माझ्याकडे बघितलं. मी पुढे वाचलं.

आता माझी तक्रार ऐक. सातवीत शाळा सुटली आणि बंबावर चढलो, तेव्हापासून मी एकच गोष्ट शिकलो: पेटलं की पाणी. गवताची गंजी असो की कापडाचं दुकान. लोक बंब बघून बाजूला होतात ते त्या पाण्याच्या जिवावर. आणि घरातली पहिली पदवी येते ती म्हणते, पाणी घालू नका. म्हणजे माझं सगळं शिक्षण पाण्यात गेलं म्हणायचं.

थट्टा सोड. तुमच्याकडे मोठं काही झालं तर आसपासचे बंब बोलावतात. त्या यादीत आमचं ठाणं शेवटी आहे, पण आहे. मग अशा वेळी बंबवाल्यानं करायचं काय? खरंच विचारतो. आमच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, बंब कशाला असतो हे आता तुला नव्यानं सांगू का.

आई म्हणते केसांना तेल लाव. हेल्मेटखाली उष्णता होते असं तिला कुणी तरी सांगितलं आहे.

आमच्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.
तुझे,
बाबा


१६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
तेल लावलेल्या डोक्यानं नमस्कार. आईला कळवा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. बंबवाल्यानं काही करायचं नाही. वारा जिकडून येतो तिकडे, लांब, बंब उभा करायचा आणि सांगेपर्यंत हात बांधून उभं राहायचं. झोत मारला तर ॲसिड उडून कंट्रोल रूमच्या भिंतीवर आणि दारावर येईल. दाराचं रबर गेलं की आतले लोक गेले. पाणी लागतंच, पण कुठे आणि कधी ते आतल्या माणसानं ठरवायचं. तुमचा बंब इथवर यायची वेळच येऊ नये म्हणून तर मी आहे.

काल सराव घेतला. एकदा दार लावलं की सांडलेलं वाळूनं झाकलं जाईपर्यंत उघडायचं नाही. आमच्या खोलीत पॅनेलवर बसतात ते काका, काटे आणि दिवे बघणारे, त्यांनी विचारलं की माणूस मरत असला तरी? मी नियम वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं, पण जेवायला दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

नियम बरोबर आहे, बाबा. वाचताना मात्र माझाच आवाज मला परका वाटला.

रागावलात तरी माया सोडू नका.
तुमची,
टिटवी


२ मार्च

ती. बाबांस,
नमस्कार. मी बरी आहे, हे आधी वाचा. आईला दोनदा वाचून दाखवा.

आमच्या कारखान्याची बातमी तिकडे पोचली असेल. शुक्रवारी दुपारी टँकरमधून टाकीत जावई उतरवताना नळीचा जोड सुटला. फिटरदादा तिथेच होते. त्यांनी झडप बंद केली, म्हणून निम्मा टँकर तरी वाचला, पण उजव्या हातावर कोपरापर्यंत शिंतोडे आले. ते धावत आमच्या खोलीत शिरले आणि मी दार लावलं. काचेबाहेर पांढरं झालं. टाकी दिसेना, मग कठडा दिसेना, मग काचेला दूध फासल्यासारखं झालं. हवा आत ओढणारे पंखे बंद केले, फटींना चिकटपट्टी लावली. आम्ही तिघं: काका, फिटरदादा आणि मी.

मी त्यांची बाही कापली आणि कोपऱ्यातला पिण्याच्या पाण्याचा जार उचलला. त्यांनी हात मागे ओढला. ओरडले, की मला मारतेस काय, जावयाला पाणी! आणि काकांनी माझं मनगट धरलं, म्हणाले, पोरी, तूच शिकवलंस ना. मी सांगत होते की ते जमिनीवर सांडलेल्याला, अंगावर पडलं तर पाणीच, भरपूर पाणी, लगेच. पण माझंच वाक्य त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की माझं ऐकेनात. शेवटी मी जार त्यांच्यावर जवळजवळ फेकला. तोवर कातडी पांढरी पडली होती.

जार संपला. काकांची बाटली, माझी बाटली, डब्यातलं ताकसुद्धा ओतलं. मग काही उरलं नाही. धुण्याचा मोठा फवारा बाहेर आहे, दारापासून चार ढांगांवर, त्या धुरात. फिटरदादा दाराकडे गेले. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. ते शिव्या देत नव्हते, बाबा. विनवत होते. काका म्हणाले, उघड, माझ्या जबाबदारीवर उघड. मी उघडलं नाही. नुसती नकाराची मान हलवत होते.

तेवढ्यात गेटवरून फोन आला. एक बंब आला आहे, टाकीकडे तोंड करून लावला आहे, लोक पाणी मारा म्हणून ओरडताहेत आणि त्यांच्या साहेबानं हुकूम दिला आहे. मी किंचाळले. म्हटलं, त्या अडाणी बंबवाल्याला सांगा, पंपाला हात लावलास तर आत तीन मुडदे पडतील. अडाणी म्हटलं मी, बाबा. कोण होता कुणास ठाऊक. पण पाणी आलं नाही. पुढे शेजारच्या बांधकामावरून कोरड्या वाळूचा ट्रक आला, सगळं झाकलं गेलं आणि बाहेरून दार वाजलं.

फिटरदादा इस्पितळात आहेत. दोन बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला वेळ गेला. तो वेळ माझ्या वाक्यानं खाल्ला. दार उघडलं असतं तर बोटं राहिली असती का, की आम्ही तिघंही राहिलो नसतो, हे कुणी सांगत नाही. चौकशी संपेपर्यंत मला इथून हलायला मनाई आहे. वसतिगृहाच्या खोलीला चांगली खिडकी आहे, पण मी ती उघडत नाही. कुणी दार वाजवलं तर पाठ आपोआप दाराला जाऊन टेकते.

चौकशी संपली की मला न्यायला या. मला ही नोकरी करायची नाही.

काही न लिहिता आलात तरी चालेल.
तुमची मुलगी


६ मार्च

चि. टिटवी हिस,
आशीर्वाद. यावेळी ओंजळ नको, दोन्ही हात पुढे कर.

पत्र आईला वाचून दाखवलं, पण मधलं गाळून. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून जपून वाचलं. तिला मी शुक्रवारी सांगितलं होतं की माळावरचं गवत पेटलं होतं. तू तेच धरून चाल.

तो अडाणी बंबवाला मी होतो.

आमच्या आधीच्या ठाण्यांचे बंब दुसरीकडे गेले होते, म्हणून यादी आमच्यापर्यंत आली. गेटवर वॉचमननं सांगितलं की आत कोण कोण आहे. पोरगी सुरक्षा अधिकारी आहे, म्हणाला, ती आत अडकली. साहेबांना ठाऊक नव्हतं ती कुणाची. त्यांनी बंब समोर लावायला लावला आणि पंप चालू कर म्हणाले. गर्दी जमली होती. एकजण म्हणाला, हा बंब आहे का लग्नातली पाण्याची टाकी? दुसरा म्हणाला, याच्या घरचं कुणी आत असतं म्हणजे कळलं असतं. मी वळून बघितलं नाही.

पंप ड्रायव्हरच्या हातात असतो, म्हणजे माझ्या. मी साहेबांना सांगितलं, पंप पाणी पकडत नाही. त्यांनी आईवरून शिवी दिली. मग वॉचमन धावत तुझा निरोप घेऊन आला, अडाणी शब्दासकट. त्यानं बिचाऱ्यानं तो हळू उच्चारला. मी म्हटलं, मोठ्यानं सांग, साहेबांना ऐकू जाऊ दे. ऐकल्यावर साहेबांनी हुकूम मागे घेतला. पंपाला काही झालेलं नाही हे दुरुस्तीवाल्याला आज ना उद्या कळेल. कळू दे. तुम्ही तिघं बाहेर आलात ते लांबून बघितलं, पण साहेबांनी लगेच बंब परत न्यायला लावला.

काल मी इस्पितळात जाऊन आलो. कोण आहे ते सांगितलं. तुझ्या फिटरदादांनी आधी तोंड भिंतीकडे केलं. मग म्हणाले की पोरीवर मी चिडलो आहे, ते काही दिवस राहील, तिला सांगा. आणि सांगा, तुझ्या वाक्याला शेपूट लाव: जावयाला पाणी विचारू नका, सासऱ्याला घागरभर घाला. जावई ज्याच्या अंगावर येतो तो सासरा, म्हणजे हा, असं म्हणून त्यांनी बांधलेला हात उचलून दाखवला. त्यांच्या बायकोनं मला बसायला सांगितलं नाही. ते मी समजू शकतो.

न्यायला येईन. तू म्हणशील त्या दिवशी येईन, नोकरी कर असं एकदाही म्हणणार नाही. दार उघडायला हवं होतं का, हे मला विचारू नकोस. मी बाहेर होतो आणि मला तेवढंच हवं होतं, की ते उघडावं. तू दिसावीस.

एक मात्र सांगतो, ते आईला कधी सांगणार नाही. तुझा निरोप येण्याआधीचा जो वेळ होता ना, त्यात तुझं पत्र मला शब्दन्शब्द आठवत होतं. डोकं थांब म्हणत होतं. पण हात थांबत नव्हते, बाळा. इतक्या वर्षांचे हात आहेत, मुलगी आत आहे म्हटल्यावर ते आपले आपणच पंपाच्या दांड्याकडे जायला लागले. दोनदा गेले. मग मी केबिनमध्ये चढलो, सगळ्या गर्दीसमोर, आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांच्यावर बसून राहिलो.

तुझा,
बाबा