अर्धा चमचा

॥ श्री ॥
शहापूर, ता. २ डिसेंबर १९३६

तीर्थरूप दादास,
राहीचा शि. सा. न. वि. वि.

मुंबईहून इथे सुखरूप पोचले. आमच्या इस्पितळातल्या डॉक्टरबाई गरोदर बायकांच्या पांडुरोगावर संशोधन करतात, हे तुला ठाऊकच आहे. आपल्या बाजूच्या बायका फार पांढऱ्या पडतात असं त्यांच्या कानावर गेलं, म्हणून हिवाळाभर त्यांनी इथल्या दवाखान्यात खाटा मांडल्या आहेत. नर्स म्हणून मला बरोबर आणलं, कारण त्यांची विलायती वळणाची मराठी ऐकून बायका हसत सुटतात आणि बोट काही पुढे करत नाहीत. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि भिंगाच्या यंत्राखाली पाहायचा, एवढंच असतं.

काल बाजारात लडकूमामा भेटले. पोटुशी वहिनी विहिरीवरून येताना हंडा उतरवून वाटेत बसते, म्हणाले. दादा, शाळेत पोरांची हजेरी घेतोस, घरची कोण घेणार? गेल्या साली मूल अपुऱ्या दिवसांचं झालं आणि गेलं, तेव्हाही ती अशीच दिसत होती. डोळ्याची खालची पापणी ओढून बघ. आत लाली नसेल तर इथे घेऊन ये. आईला नमस्कार. उत्तराची वाट पाहते.

तुझी,
राही


मुरबाड, ता. ९ डिसेंबर १९३६

चि. राहीस,
अ. उ. आ. वि. वि.

पापणी पाहिली. कागदासारखी पांढरी आहे. पायही सुजलेत. आई ऐकायला तयार नव्हती. अंगात आधीच रक्त नाय, त्यात आणखी काढून घेणार, असं तिचं म्हणणं. तुझं थेंबाचं शास्त्र सांगून पाहिलं, पण मास्तराचं घरात कोण ऐकतं? शेवटी भागीच म्हणाली की मागच्या खेपेला घरीच राहिले, काय झालं ते बघितलं, आता जाऊन बघते. त्यावर आई नाचणीचं पीठ बांधायला बसली.

सोमवारी देवजीच्या गाडीतून घेऊन येतो. शाळेमुळे मला राहता येणार नाही. तिला तुझ्या पदरात घालतो आहे, सांभाळ.

तुझा दादा,
राघो


शहापूर, ता. ५ जानेवारी १९३७

तुमास व आत्याबाईंस भागीचा नमस्कार.

तुमी शिकवलेल्या अक्षरात लिहिते, हसू नका. आता जीव घाबरा होत नाय. ताटभर भात जातो. हितं दोन रांगा हायत. एका रांगेला लोखंडाचं औषध, दुसरीला काळं चाटण. पाव ज्या खमिरानं फुगतो त्याचं सत्त्व, असं वन्सं म्हनतात. खारट कडू लागतं, आनि वास तर इचारूच नका. कोनच्या रांगेला गुण येतो ते बाईंना बघायचंय. मी काळ्या रांगेत आले.

शेजारची खाट सावळीची. डोळखांबच्या वरल्या पाड्यावरची हाय ती. लोखंडाच्या रांगेत. पानी प्यायला उठली तरी धापा टाकायची. एक दिस मला म्हनाली, गो, तुझ्याच पोटातल्याला जगायचाय काय? हसत म्हनाली, पन ते चाटण मला एकटीनं खाववंना. तवापासनं वन्संची पाठ फिरली की माझ्या चमच्यातलं अर्धं तिला देते. तिचं औषध पन ती घेतेच. वन्संना कळवू नका, त्यांची नोकरी हाय.

पीठ पुरतंय म्हनून आत्याबाईंना सांगा. माया असू द्या.

भागी


शहापूर, ता. १७ जानेवारी १९३७

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीच्या गालांवर रंग आला आहे. तू ओळखणार नाहीस, आणि कामाला लावशील म्हणून मी तिला इतक्यात धाडणारही नाही.

डॉक्टरबाई वेगळ्याच आनंदात आहेत. लोहाच्या रांगेतल्या बाकीच्या बायका होत्या तशाच आहेत, पण सावळी म्हणून पाड्यावरची एक आहे, ती झपाट्याने सुधारली. बाईंनी तिच्या रक्ताची काच पुन्हा पुन्हा पाहिली. पाड्यावरच्या बायकांचा रोग निराळा असावा आणि त्यांना लोहच पुरत असावं, असं त्यांना वाटू लागलंय. काळ्या सत्त्वाच्या बरण्या मोजक्याच उरल्यात, त्यामुळे त्यांना हायसंही वाटलं. भिमी नावाची बाई नुकतीच पाड्यावरूनच आली. तिलाही लोहच सुरू केलंय. तिला उठून बसवत नाही. सावळीसारखा हिलाही गुण येईल, अशी आशा आहे. आईला पत्र वाचून दाखव.

तुझी,
राही


मुरबाड, ता. २१ जानेवारी १९३७

सौ. भागीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यावर मला तुझा अभिमान वाटला होता. राहीचं आलं आणि धसका बसला. तुझा अर्धा चमचा बाईंना ठाऊक नाही. त्यामुळे सावळीला लोहानेच बरं केलं असं समजून त्या भिमीला तेच देताहेत. राहीकडून कळलं की ती उठूनही बसत नाही.

मला बाईंना लिहिता आलं असतं. पण तू विश्वासाने मला सांगितलंस, तेव्हा त्यांना तूच सांगावंस. आजच सांग. रागावल्या तर रागावू देत. राहीची नोकरी गेली तर आपल्या घरात तिला कोणी नको म्हणणार नाही.

म्हशाच्या जत्रेची जनावरं शाळेवरून चाललीत. पोरांचं पाटीवर लक्ष नाही आणि माझंही नाही. प्रकृतीला जप.

राघो


शहापूर, ता. २८ जानेवारी १९३७

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वहिनी तशीच उठली आणि बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. सगळं एका दमात सांगितलं आणि वन्संना यातलं काय ठाव नाय, असंही बजावलं. बाई ओसरीवर निघून गेल्या. मी मनातल्या मनात ट्रंक भरली.

परत आल्या त्या थेट सावळीच्या खाटेशी. तिची जीभ पाहिली, पापणी पाहिली, मग वहिनीची पाहिली. किती द्यायचीस ते दाखव म्हणाल्या. वहिनीने चमचा धरून दाखवला. तेव्हा बाई मला म्हणाल्या की एकीच्या औषधात दोघी बऱ्या झाल्या, म्हणजे आपण आजवर दुप्पट देत होतो. त्याच संध्याकाळपासून सगळ्या खाटांवर अर्धा अर्धा चमचा सुरू झाला. बरण्या पुरतील. भिमी आज भिंतीला टेकून बसली आणि भाकर मागितली.

पाठ फिरवल्याबद्दल मला बोलणी खावी लागली, ती रास्तच होती. वहिनीवर बाई दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी तिच्याकडून नाचणीची भाकरी शिकायला बसल्या. त्यांना ती थापता येत नाही.

तुझी,
राही


शहापूर, ता. २४ फेब्रुवारी १९३७

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज पहाटे वहिनीला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, हातापायांनी भरलेली. वहिनीला रक्त गेलं, पण ते सोसायचं बळ तिच्या अंगात होतं. मी तिचा हात धरून बसले होते आणि तिची पकड शेवटपर्यंत ढिली पडली नाही. लेक रडते तेव्हा दवाखान्याच्या अंगणात सोडलेले गाड्यांचे बैल कान टवकारतात. सावळी मुलाला पाठीशी बांधून गेल्या आठवड्यातच पाड्यावर गेली.

विटाळ फिटला की न्यायला ये, आणि येताना आईला आण. गाडीत पेंढा भरपूर घाल, कारण वहिनी चालतच येते म्हणून हटून बसली आहे आणि तिला गाडीत चढवायला मी एकटी पुरी पडायची नाही.

तुझी,
राहीआत्या