रात्रीची भिंगं

५ मार्च
लेकीचा फोन. खारूचा, म्हणजे नातीचा, नंबर पुन्हा वाढला! वय अवघं नऊ. जाड काचा माझ्या नशिबी होत्या, तिला कशाला? जेवण गेलं नाही.

९ मार्च
डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते लेकीने सांगितलं. उपाय दोन. एक, खास काचांचा चष्मा — मधोमध नेहमीची नंबराची काच, भोवती ठिपक्यांएवढी बारीक भिंगं. दिवसभर लावायचा. दुसरा, कडक भिंगं — झोपताना डोळ्यांत घालायची, सकाळी काढायची. मग दिवसा चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. नंबर कशानेच जात नाही, फक्त वाढ मंदावते. खारूला दोन्ही चालतील.
मी विचारलं, रात्री घालणार कोण? म्हणाली, मीच. रोज.
मग सुट्टीत इथे आल्यावर?
म्हटलं, मी शिकेन की! वाटीत पाणी घेऊन स्वच्छ धुऊन ठेवीन.
"बाबा, नळाच्या पाण्याचा थेंबही चालत नाही. आणि तुमचा हात किती कापतो!"
कुठून ती वाटी काढली मी.

१० मार्च
चष्माच बरा.

१४ मार्च
फोनवर चष्म्याचे गुण गायले. डोळ्यात बोट नको, जंतू नकोत, धुणं-पुसणं नको. मागून जावई म्हणाले, बाबांना चष्म्याचं दुकान काढून द्या. मीही हसलो. खरं कारण इथेच लिहितो — चष्मा असला तर पोर सुट्टीला इथे येईल. गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून घरात घड्याळच बोलतं.

२२ मार्च
खारू स्वतः फोनवर. खेळताना चेंडू लागून दोन चष्मे फुटले, म्हणून काढूनच ठेवते. "चेंडू नाकाशी आल्यावर दिसतो, आजोबा. मला कुणी संघात घेत नाही." मग हळूच — "पण भिंगं घेतली तर तुमच्याकडे कसं यायचं?"
म्हणजे तिच्याही पोटात तेच!
लेकीला सांगितलं, भिंगं घे. आवाज नीट ठेवला.

२ मे
सुट्टी लागली असेल. तिची उशी उन्हात घातली. कशाला, कोण जाणे.

१९ ऑगस्ट
तपासणी झाली. वाढ मंदावलीय! डोळेही निरोगी. खारू आता संघात गोल अडवते. दिवसभर आनंदात होतो. सांगायला कुणी नव्हतं.

७ डिसेंबर
लेक म्हणाली, खारू आता भिंगं स्वतःच घालते, काढते. मी नुसती शेजारी उभी असते. "सुट्टीत आणून सोडते. आरसा आहे ना चांगला?"
आहे की! दाढीचा. खिळा उपटून तिच्या उंचीला ठोकला. माझ्या बरगडीशी येते ती. माझी दाढी आता वाकून. खाली स्टूल, त्यावर धुतलेला पंचा. वाटी फडताळात, पार मागे.

१८ डिसेंबर
आली. आरशात तिचा नुसता गळा दिसला. खिळा पुन्हा वर घेतला.
वर्षभर फोनवर मी नंबरचीच वाढ विचारत होतो!