रिकामी पुडी

बाबा, आज सकाळी शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "तुझ्याकडे डॉक्टरांनी घशासाठी दिलेल्या त्या गोळ्या उरल्या असतील ना? दोन दे. नातवाला खांसी आहे." मी म्हटलं, माझ्याकडे उरत नाहीत. त्या हसल्या. "सगळ्यांकडे उरतात, बेटा." मी साठीला आले, तरी त्यांची बेटाच आहे. त्या गेल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी होते. मला मिलच्या दवाखान्यातली तुमची खिडकी आठवत होती.

आत तुम्ही, कंपाउंडरचा पांढरा कोट घातलेले. बाहेर पाळी सुटलेल्या कामगारांची रांग, केसांत कापसाचे तंतू. डॉक्टरांनी लिहिलेल्या कॅप्सूल तुम्ही कागदाच्या पुडीत बांधून देता, आणि सगळ्या संपल्यावर रिकामी पुडी परत आणून दाखवायची, हा तुमचा नियम. दाखवली नाही, तर पुढच्या वेळी आधी बोलणी आणि मग औषध. एक कामगार निम्मी भरलेली पुडी पुढे करतो. "कंपाउंडर साब, बुखार तो उतर गया. बाकी घरवाली के लिए रख ली, वो भी खाँसती है." रांग हसते. तुम्ही हसत नाही. "भिया, आधी मार खाके जो जंतु बचता है ना, वो सीखके लौटता है. फिर मेरे पास मत आना." तो तिथेच, तुमच्यासमोर, त्या वेळची कॅप्सूल गिळतो. मला तेव्हा तुमची थोडी लाज वाटली होती. एवढ्याशा गोष्टीसाठी चारचौघांत माणसाला बोलायचं कशाला?

मग मिल बंद झाली. दवाखान्यालाही कुलूप लागलं. तुम्ही घरी बसलात, तांदूळ निवडायला लागलात, आणि मराठीत एम.ए. झालेल्या मला सियागंजच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे काम मिळालं. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायची अँटिबायोटिकची पावडर तो पोत्यांनी विकायचा. महू, देवासकडे नवे पोल्ट्री फार्म निघत होते. त्यांच्यासाठी सूचनांचं पत्रक लिहायचं काम माझं. शेठजी सगळ्यांदेखत म्हणायचे, "एम.ए. मराठी में, लिख री हिंदी, और पढ़ेगी मुर्गी!" मीही हसायचे. मी लिहिलेली ओळ त्यांना फार आवडली होती: रोज़ दाने में मिलाएँ, बीमारी हो या न हो. तिला लय आहे, असं मला वाटलं होतं. इतकं शिकून छापून आलेली माझी पहिली ओळ ती.

कच्चा कागद मी तुम्हाला तपासायला दिला. तुमच्या मांडीवर सूप होतं. ते बाजूला ठेवून तुम्ही चष्मा लावलात, कागद दोनदा वाचलात.

"कोंबड्या आजारी आहेत का?"

"नाही. वजन लवकर वाढतं, बाबा. आणि साथ येत नाही."

"किती दिवस द्यायचं?"

"विकेपर्यंत."

"म्हणजे कोर्स नाहीच." तुम्ही कागदाकडेच पाहत होता. "रोज चिमूटभर. यात जंतू मरत नाही, बेटा. तालमीत जातो."

मी चिडले. घरात येणारा पगार माझा होता, हे त्या चिडण्यात होतं. मी म्हणाले, "बाबा, तुमची खिडकी बंद झाली. रिकाम्या पुड्या बघणारं आता कोण आहे?" पत्रकात एका ठिकाणी ग्रॅमचा आकडा चुकला होता. तो खोडून तुम्ही नीट केलात, कागद मला परत दिलात आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलंत. ती चूक दुरुस्त करताना तुम्हाला काय वाटलं असेल, हे मी कधी विचारलं नाही. पत्रक तुमच्या आकड्यासह छापलं गेलं. मी तिथे अकरा वर्षं होते.

पुढचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे. तुम्हाला थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ. इस्पितळात गोळ्या सुरू झाल्या, तपासणीला नमुना गेला. तुम्ही रोज विचारत होता, "रिपोर्ट आला का?" मी सांगत होते, "उद्या येईल." तो आला होता. औषधांची एक यादी, आणि जे चालणार नाही त्याच्यापुढे आर. शेवटचं एक सोडून वरून खालपर्यंत आर होते. पहिलंच नाव आमच्या पोत्यांवरच्या औषधाच्या सख्ख्या भावंडाचं, आणि त्याच गोळ्या तुम्हाला चालू होत्या. तरुण डॉक्टर म्हणाला, "अंकल पहले बहुत खाते थे क्या ये?" मी म्हटलं, ते तर साध्या तापालाही काही घेत नाहीत. "फिर क्या बोलूँ मैडम, आजकल ऐसे जंतु पानी में, नाली में, सब जगह घूम रहे हैं."

कोंबड्यांमुळे हे तुमच्यापर्यंत आलं, असं तो म्हणाला नाही. मलाही ते सिद्ध करता येणार नाही. आपल्या घरात तर अंडंसुद्धा येत नसे. पण तो कागद तुमच्या हाती दिला असता, तर तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचला असता आणि मग माझ्याकडे पाहिलं असतं. मला ते नको होतं.

डॉक्टरांनी गोळ्या थांबवून इंजेक्शनं सुरू केली. एकच औषध उरलं होतं, तेही किडनीला जड. गोळ्यांची स्ट्रिप मात्र तुमच्या उशाशी राहिली. त्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही गेलात. हे लिहून मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या तसबिरीमागेही ठेवणार नाही.

एवढंच राहिलं आहे. इंजेक्शनं सुरू झाली त्या दुपारी तुम्ही म्हणालात, "दोन राहिल्यात. कोर्स अर्धा सोडायचा नाही." त्यांचा उपयोग नाही, हे सांगायचं तर रिपोर्ट दाखवावा लागला असता. मी पाणी दिलं. सकाळची म्हणून एक, दुपारची म्हणून एक, अशा दोन्ही तुम्ही कष्टाने गिळल्यात. मग रिकामी स्ट्रिप माझ्यापुढे धरलीत, खिडकीशी ते लोक धरायचे तशी. रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. मी स्ट्रिप हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि म्हणाले, "बरोबर."