शुक्रवारच्या सिनेमाबद्दल

केयेंटा,
२१ ऑक्टोबर १९९६

लेलँड, बाळा,

तू बरा असशील, आणि अजून रागात असलास तरी निदान पोटभर जेवून रागात असशील, असं धरून चालतो.

इकडे सगळं ठीक. मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या. ती काळी म्हातारी मेंढी यंदाही मेली नाही, तिला बहुतेक मला पोचवूनच जायचंय. पिन्यॉनच्या झाडांना यंदा भरपूर बिया आल्यात. व्हर्नाने भाजून खायला पोतंभर वेचल्या आणि भावासाठी म्हणून त्यातल्या मोठ्या मोठ्या बाजूला काढून ठेवल्या. मी कागद घेऊन बसलो तर ती म्हणाली, "दुकानातल्या फोनवरून बोला की त्याच्याशी! पत्र कसलं लिहिताय?" त्या फोनपाशी कायम चार जण रांगेत उभे असतात आणि चौघांचेही कान लांब. म्हणून लिहितोय. अक्षर वाकडं येईल, सांभाळून घे.

व्हर्नाने तू शिकवतोस त्या शाळेतून आलेला कागद वाचून दाखवला. येत्या शुक्रवारी तू मोठ्या हॉलमध्ये आम्ही कामं केलेला तो जुना सिनेमा लावणार, आणि जिथे जिथे खोटं असेल तिथे चित्र थांबवून पोरांना खरा इतिहास सांगणार. चांगलं आहे. मीही येणार आहे. त्या दिवसापुरतं तुझ्याकडे माझं एक मागणं आहे. पण ते लगेच लिहायला जमत नाहीये, तेव्हा आधी दुसरं लिहितो.

जूनमध्ये जेवता जेवता तू म्हणालास, "बाबा, गोऱ्यांनी तुम्हाला नाचवलं आणि तुम्ही नाचलात. वर चाळीस वर्षं हसत हसत सांगताय!" मी ताट सोडून उठलो आणि मेंढवाड्यात जाऊन बसलो. तू निघालास तेव्हाही बाहेर आलो नाही. राग आला होता म्हणून नाही रे. तुझं म्हणणं खरं होतं म्हणून.

तर शुक्रवारसाठी माझ्याकडूनही थोडा माल घे. आपण नवाहो माणसं, पण सिनेमात आम्हाला अपाची केलं. डोक्यावर घातले ते पिसांचे मुकुट पेटीतून निघाले होते, डांबरगोळ्यांच्या वासाचे. असला मुकुट ना आपण कधी घातला, ना अपाचींनी. गोष्ट म्हणे टेक्सासच्या सपाट माळावरची, आणि मागे उभे आपले हे लाल कडे! हिरोच्या पिस्तुलातल्या गोळ्या संपतच नाहीत. तेवढ्या गोळ्या वाहायला खऱ्या माणसाला सोबत खेचर लागलं असतं. सकाळी मी अपाची होऊन घोड्यावरून पडलो आणि मेलो. दुपारी निळा डगला चढवून शिपाई झालो आणि माझ्याच पाठी घोडा घातला. हे पोरांना जरूर सांग.

पण मजा आली होती, लेलँड. हे मात्र मी मागे घेणार नाही. पंचविशीतला होतो, घोडा झकास होता, आणि उधळत्या घोड्यावरून पडून हाड शाबूत ठेवणं म्हणजे काय खाऊ आहे? सिनेमा लागला तेव्हा ट्रक भरून आम्ही फ्लॅगस्टाफच्या थेटरात गेलो. आपली माणसं पडद्यावर पटापट मरायला लागली की इकडे हसून हसून पुरेवाट. "अरे, एडिसन पडला! परत पडला! अरे मेल्या, एकदा तरी नीट मर!" एडिसन माझ्या शेजारीच मक्याच्या लाह्या खात बसला होता. तो म्हणाला, "गप रे, मला माझं मरण बघू दे." पुढचे गोरे वळून वळून बघत होते. त्यात आपला अपमान आहे हे आम्हाला कळत नव्हतं असं समजू नकोस. सगळं कळत होतं. तरी हसलो.

तुझी आई मात्र आली नव्हती. जिवंत होती तोवर तिने तो सिनेमा कधीच पाहिला नाही. तिला लाज वाटायची म्हणून, असं तू जूनमध्ये म्हणालास. तेवढं तुझं चुकलं.

आता माझ्या डोळ्यांचं. दवाखान्यात सांगितलंय की उन्हाळ्यापर्यंत मला उजेड आणि अंधार एवढंच कळेल. व्हर्नाला अजून बोललो नाही, तूही बोलू नकोस. मागच्या महिन्यात तिच्या टीव्हीवर त्या सिनेमाची कॅसेट लावून बसलो, तर माणसांची तोंडं डाळीच्या दाण्याएवढी. ती विचारायला लागली, "बाबा, काचेला नाक लावून शोधताय तरी काय?" मी म्हटलं, माझा घोडा. पण मी घोडा शोधत नव्हतो.

वस्तीवर हल्ला होतो ती जागा तुला ठाऊक आहे. बायका तंबूंतून निघून ओढ्याकडे पळतात. त्यांच्यात एक बाई सगळ्यांच्या मागे सावकाश चाललीय. ती तुझी आई. डायरेक्टर भोंग्यातून "पळ! पळ!" म्हणून बोंबलत होता. मी घोड्यावर बसून तिच्या जवळच उभा होतो. ती मला म्हणाली, "पोर आत्ता कुठे झोपलंय. त्या भोंगेवाल्याला म्हणावं, लढाई जरा हळू कर." मग बंदुका सुटल्या आणि पोर जागं झालं. त्याने आईच्या खांद्यावरून मान वर केली आणि थेट कॅमेऱ्याकडे बघितलं.

ते पोर तू नव्हेस. तू झालास त्यानंतर तीन वर्षांनी. तो तुझा थोरला भाऊ. त्याच हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद होते, त्याची छाती भरली आणि तो आमच्या हातात गेला. आपल्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत, त्याची वस्तू घरात ठेवत नाहीत. तुझ्या आईने ते जन्मभर पाळलं, मीही पाळलं, म्हणून तुम्हा दोघांना आम्ही कधी काही बोललो नाही. नाव मी आत्ताही लिहीत नाही. गेलेल्याकडे वळून बघू नये हेही मला माहीत आहे. त्या दिवशी थेटरात सगळ्यांत मोठ्याने मीच हसत होतो, आणि ती जागा आली तशी मान खाली घातली. पुढे जेव्हा जेव्हा सिनेमा लागला, तेव्हा तेव्हा तेच केलं.

आता मला त्याचं तोंड आठवत नाही, लेलँड. बापाला आपल्या पोराचं तोंड आठवत नाही. त्याचा एक फोटोसुद्धा नाही कुठे. माझे डोळे जाण्याआधी मला त्याला एकदा मोठं बघायचंय. नंतर जो विधी करावा लागेल तो मी करून घेईन, मंत्र गाणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलून ठेवलंय.

तर मागणं असं. पोर मान वर करतं तिथे चित्र थांबव. ते तंबू खोटे आहेत, बायकांचे झगे खोटे आहेत, ओढ्याकाठची दोन झाडं तर चक्क पुठ्ठ्याची आहेत. सगळं सांग पोरांना, सावकाश सांग. मी पुढच्या रांगेत बसेन. माझ्याकडे बघू नकोस, आणि घाई करू नकोस. सापडतील तितक्या चुका काढ, बाळा, आणि संपल्या तर पहिल्यापासून परत सांग.

तुम्हा दोघा भावांचा,
बाप