काही निघू नये

४ ऑगस्ट
नागपूरच्या डॉक्टरांनी मेघाच्या आईच्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा जीनच्या तपासणीला पाठवला. कॅन्सर हाडांत पोचला आहे. त्यांनी बराच वेळ समजावलं. मला सगळं समजलं.
ठराव: धीर मीच द्यायचा. चेहरा हसरा ठेवायचा.

५ ऑगस्ट
दिवसभर ठेवला. संध्याकाळी ती म्हणाली, "दाढ दुखून राहिली का तुमची?"

८ ऑगस्ट, शनिवार
भजन मंडळाला सांगितलं, मारुतीजवळ मागा, रिपोर्टमध्ये काही निघू नये. माझा साळा सोमाजी पेटीवर असतो. प्रत्येक भजनानंतर त्यानं सगळ्यांकडून ते म्हणवून घेतलं. देवाला ऐकू गेलंच असणार. लाउडस्पीकर होता.

१२ ऑगस्ट
मेघा भंडाऱ्याहून आली. म्हणे, "बाबा, काहून असं मागतलं? गाठीच्या जीनमध्ये ठरावीक बदल निघाला तरच त्याच्यावरची गोळी देता येते. नाई तर नुसती केमो."
म्हणजे आपल्या धानासारखंच. करपा की तुडतुडा ते कळलं की नेमकं औषध मारता येतं. हे मला आधीच माहीत होतं. लक्षात तेवढं आलं नव्हतं.

१५ ऑगस्ट, शनिवार
मंडळाला म्हटलं, मागणं बदलायचं आहे. बदल निघू दे, असं म्हणा. सोमाजीनं पेटी मिटली. "भाऊजी, माह्या बहिणीच्या रिपोर्टात खराबी निघू दे म्हणू? मले नाई जमत." मंडळातल्या कलाबाईंनी तोंडाला पदर लावला.
सगळे गेल्यावर एकट्यानंच मागितलं. हळू मागितलं तरी देव ऐकतो, असं मी लोकांना नेहमी सांगतो.

२५ ऑगस्ट
रिपोर्ट आला. गोळी लागू पडेल असा एकही बदल नाही. सोमवारपासून केमो. डॉक्टर म्हणाले, देऊन पाहू.
सोमाजीला फोनवर इतकंच सांगता आलं, काही निघालं नाही. घरी पोचलो तर मंडळ दारात, नारळ फोडून, प्रसाद वाटत.
ठराव: तिला उद्या सकाळी नीट सांगायचं.

२६ ऑगस्ट
धानाच्या बांधीत पाणी पाहायला जावं लागलं.

२७ ऑगस्ट
आज सांगायला बसलो. घसा खाकरला. ती म्हणाली, "मेघानं रिपोर्ट आला त्याच दिवशी सांगतलं मले."
मग प्रसाद काहून खाल्ला, विचारलं.
"एवढ्या खुशीनं देऊन राहिले होते. नाई कशी म्हणू?" थोड्या वेळानं म्हणाली, "सोमवारी तुमी संगं याल ना?"
हो म्हणायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. तिनं उठून मला पाणी आणून दिलं.