कूलरसमोरचा प्रोसेसर

नाशिक रोड,
मे २०००

आदरणीय कमळाआत्यास संध्याचा सविनय जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. देवळाली कॅम्पातली हवा आमच्यापेक्षा बरी, असं तू दर उन्हाळ्यात म्हणतेस. यंदा ते मान्य आहे. फोनऐवजी पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते.

पुण्याच्या एका कंपनीने नोकरी देण्याआधी माझ्या कामाचा नमुना मागितला होता: संगणकावर केलेली बंगल्याची छोटी फिल्म, दारातून शिरून सगळ्या खोल्यांमधून फिरणारी. बंगला मी वेळेत आखला. पण त्यातलं एकेक चित्र रंगवायला आपला प्रोसेसर इतका वेळ घेत होता, की मुदत उलटून नोकरी दुसऱ्या कुणाला गेली असती. म्हणून मी तो ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कारखान्याने ठरवून दिल्यापेक्षा जास्त वेगाने चालवला. (घाबरू नकोस, यात शॉक बसत नाही.) यासाठी तक्ते असतात. कुणाचा प्रोसेसर किती वेगाने चालला, किती व्होल्ट लागले, किती तापला, हे परदेशातले हौशी लोक इंटरनेटवर लिहून ठेवतात. असा तक्ता मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतून छापून आणला. आपल्यासारखा तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर त्यात सर्रास साडेचारशेवर धावत होता. मीही तसाच लावला. सकाळी धावला, दुपारी अडकून बंद पडला. मग तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत खोलीचं तापमान सापडलं: एकवीस अंश. आपल्या खोलीत अडतीस होतं. (एकवीसला बाबा कानटोपी घालतात.)

तेव्हा मी संगणकाचं झाकण काढलं आणि कूलर त्याच्याकडे वळवला. वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला, पडदे हलू लागले आणि साडेचारशेवर काम सुरू झालं. पण कॉलनीत गार वारा लपून राहत नाही. आधी बाबा आले. ते संगणकावर लक्ष ठेवणार होते आणि ते डोळे मिटून लक्ष ठेवत होते. मग त्यांचे प्रेसमधले मित्र खंडेरावकाका, मग शेजारच्या फुलाबाई, निवडायची मेथी घेऊन. बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या बल्बएवढी उष्णता देतो. (हे पुस्तकात आहे, फुलाबाईंना मी सांगितलेलं नाही.) शिवाय सगळे बरोबर कूलर आणि संगणक यांच्या मधेच बसत. घरी आलेल्याला ऊठ म्हणता येत नाही, म्हणून मी वेग उतरवत गेले आणि शेवटी स्वतःचाच तक्ता केला. खोलीत मी एकटी: साडेचारशे. बाबा आले: पावणेचारशे. खंडेरावकाका आले: त्याहून कमी. फुलाबाई मेथीसह: कारखान्याने सांगितलं तेवढंच. असा रकाना परदेशातल्या कुठल्याही तक्त्यात नाही.

त्या दुपारी मात्र विचित्र होत्या. पडद्यावर चित्र वरून खाली, रेघेरेघेने उतरतं. आधी आभाळ, मग छप्पर, मग भिंत, आणि पायऱ्या सगळ्यात शेवटी. अर्धवट झोपेत आम्ही चौघं ते घर उतरताना पाहत असू. जमीन येईपर्यंत ते नुसतंच तरंगत असे. एकदा फुलाबाईंनी विचारलं,

“संध्या, मोरी कुठंय गं या घराला?”

“फुलाबाई, हे नुसतं चित्र आहे.”

“मग चित्रातली माणसं काय नदीवर जाणार?”

खंडेरावकाका डोळे न उघडता म्हणाले, “जिन्याखाली जागा आहे, तिथं काढ.” मी काढली. (ती जागा रिकामीच होती.) मग पापड वाळवायला गच्ची मोठी झाली. प्रत्येक दुपारी घर थोडं वाढत होतं आणि काम थोडं मागे पडत होतं. मुदत जवळ आली तेव्हा मी हिशेब करून पाहिला. नमुना पोचणार नव्हता. मी फक्त माझा तक्ता संगणकाशेजारी उघडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवण होताच बाबांनी खाट उचलली आणि बाहेर बदामाखाली नेली. खंडेरावकाका आले तर म्हणाले, “इथंच बस. पोरीच्या घराचा रंग अजून ओला आहे.” फुलाबाईंनाही तेच सांगितलं. काम संपेपर्यंत रोज दुपारी ते तिघं त्या झळांत बसले आणि मी आत गारव्यात एकटी. साडेचारशेवर एकदाही अडलं नाही. सीडी मुदतीत पुण्याला पोचली.

बाकी सर्व ठीक.

तुझी भाची,
संध्या

ता. क. नोकरी मिळाली. जूनमध्ये रुजू व्हायचं आहे. आई गेल्यापासून बाबा एकटे कधी राहिलेले नाहीत, त्यामुळे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. मला ते जमत नाही. कृपया तू सांग. पत्र एवढ्यासाठीच होतं.

ता. क. २. बाबा आत्ता चहा घेऊन आले होते. म्हणाले, “कमळीला लिहितेस ना? पोरगी पुण्याला चालली, हेही टाक त्यात. मी सांगितलं तर भांडेल माझ्याशी, एकटीला धाडतोस म्हणून.” निवड झाल्याचा कंपनीचा पहिला फोन त्यांनीच घेतला होता. मी कधी बोलते याची वाट पाहत होते. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. भांडायला मात्र तू जरूर ये. चांगलं महिना-दोन महिने भांडता येईल एवढे कपडे घेऊन ये.