दाराला नवं

सहम (आखात), कोजागिरी

तीर्थरूप दादा,
साष्टांग नमस्कार.

बायपासची जखम भरली. एसी दुरुस्तीचं दुकान पुन्हा उघडलं. एसी घरघरला की अजूनही आवाजावरून बिघाड सांगतो.

काल तुला फोनवर विचारलं, "नवं बांधलंस ना दाराला?" तू म्हणालास, "बांधलं रे, आंब्याची पानं, भाताच्या लोंब्या, नेहमीसारखं." तेवढ्यात मागून वहिनी म्हणाली, "अहो, कुणाला सांगताय बांधलं म्हणून? वर्षभर सण नाही आपल्याला!" तू फोनवर हात ठेवलास. उशीर झाला होता, दादा.

शेतातलं धान्य आलं, घर भरलं, असं ते तोरण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतं. घरातलं माणूस गेलं की वर्षभर ते बांधत नाहीत, हे आईनंच आपल्याला शिकवलं. आणि हल्ली मी फोन केला की आई कधी देवळात असते, कधी झोपलेली.

माझ्या काळजाला सोसणार नाही म्हणून लपवलंत. रागावलो नाही. तू एकट्यानं अग्नी दिलास आणि वर माझ्याशी हसून बोलतोस. तुझ्या काळजाचं कोण बघतं?

इथं तुझ्या भावजयीनं, नयनानं, गावाहून आलेल्या कुणाकडून लोंब्या मिळवल्या होत्या. मी म्हटलं, "राहू दे यंदा." तिनं कारण विचारलं नाही, रडायलाच लागली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

हे पत्र पाठवणार नाही. तुझं एवढं सांभाळणं वाया जाईल. रविवारी फोन करीन. तू म्हणशील, "आई झोपलीय." मी म्हणेन, "झोपू दे, उठवू नकोस."

तुझा धाकटा,
दत्ताराम